दाराजवळची जागा धर

अगं, तू त्या घरातून बाहेर पडलीस. वेगळी खोली घेतलीस, नोकरी धरलीस, पोराची शाळा बदललीस. सगळे म्हणतात, सुटलीस बाई एकदाची. आणि तरीही शेजारी कुणी दार आपटलं की तुझे खांदे कानाला भिडतात. रात्री तीनला टक्क जाग येते. बसमध्ये मागून कुणाचा हात चुकून लागला तर अंगावर काटा येतो आणि पुढचा अर्धा तास काही सुचत नाही. मग तू स्वतःलाच बोल लावतेस, आता कशाला घाबरायचं, आता तर तो इथे नाही.

मी तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत म्हणून हक्काने सांगते, हा तुझा भित्रेपणा नाही. मारहाणीच्या घरात राहणाऱ्या बाईचं शरीर वर्षानुवर्षं पहाऱ्यावर असतं. जिन्यातल्या पावलांवरून, कुलपात किल्ली कशी फिरते त्या आवाजावरून तिला कळतं, आजची रात्र कशी जाणार. पोराला आतल्या खोलीत पाठवायचं का, ताट आत्ता वाढायचं की थांबायचं, हे ती तेवढ्या चार क्षणांत ठरवते. ते कसब होतं, आणि त्यानेच तुला सांभाळलं. आता घर बदललं, पण पहारा उठला हे शरीरापर्यंत अजून पोचलेलं नाही. त्याला ते समजावून पटत नाही. तुझं डोकं त्याला दिवसातून दहा वेळा सांगतंय, तरी पटत नाही, हे तूच बघतेयस. त्याला ते अनुभवाने कळावं लागतं, हळूहळू, पुन्हा पुन्हा.

म्हणून मी तुला सौम्य योगवर्गात जा म्हणतेय. घरी एकटीने मोबाइलवर व्हिडिओ लावून करण्यापेक्षा चार बायकांच्यात जाऊन कर.

तुझा चेहरा दिसतोय मला. ‘ताई, एवढं सगळं झालं आणि तू मला योगासनं सांगतेस?’ पूर्ण ऐकून तर घे. आपल्याकडे काहीही झालं की लोक ‘प्राणायाम कर, सगळं ठीक होईल’ असं म्हणून मोकळे होतात. तसलं मी म्हणत नाहीये. मी सांगतेय तो वर्ग वेगळ्या पद्धतीने चालतो, आणि त्याचा नीट अभ्यास झालेला आहे.

अशा जखमेला आज डॉक्टर पीटीएसडी म्हणतात. हे नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत 1980 साली आलं, ते व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांचा प्रश्न लावून धरला गेला म्हणून. घरातल्या घरात मार खाणाऱ्या बाईचं शरीरही तसंच वागतं, हे लोकांच्या गळी उतरायला त्यानंतरही वेळ लागला. बेसेल व्हॅन डर कोल्क हे मानसोपचारतज्ज्ञ आणि डेव्हिड एमर्सन हे योगशिक्षक अमेरिकेत बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनला एका केंद्रात अशा लोकांसाठी योग शिकवण्याची वेगळी रीत बसवत होते. 2014 मध्ये त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 64 बायका होत्या, सगळ्या आधी उपचार घेऊनही त्रास न गेलेल्या. निम्म्यांना आठवड्यातून एकदा, एक तास, असा दहा आठवडे योगवर्ग दिला. उरलेल्या तेवढाच वेळ एकत्र बसून बायकांच्या आरोग्याविषयी शिकल्या, बोलल्या. शेवटी तपासलेल्या योगगटातल्या 31 पैकी 16 जणी पीटीएसडीच्या निकषांत बसेनाशा झाल्या होत्या. दुसऱ्या गटात 29 पैकी 6.

पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. पहिल्या काही आठवड्यांत दोन्ही गटांतल्या बायकांना बरं वाटलं होतं. नुसतं कुणाच्या तरी संगतीत बसण्यानेही माणसाला उभारी येते, ती आली. पुढे बोलणाऱ्या गटाची ती उभारी ओसरली आणि योगगटाची टिकली. त्यांच्यातल्या 49 जणींना साधारण दीड वर्षाने पुन्हा गाठलं, तेव्हा जिने योग चालू ठेवला होता तिचा त्रास जास्त कमी झालेला आढळला, मग ती मुळात कुठल्याही गटातली असो. अभ्यास लहान आहे, त्यावरून कुणाला हमी देता येत नाही, तुलाही मी देत नाही. पण संगत आणि अंगाची हालचाल दोन्ही एकत्र हवं, एवढं त्यातून मला पटलं.

आणि हे आपल्या बायकांना नवीन आहे असंही मला वाटत नाही. जात्यावर समोरासमोर दोघी बसायच्या, एका खुंट्याला दोघींचे हात, एका लयीत ओढ, आणि तोंडाने ओवी. सासर, नवरा, मेलेलं लेकरू, सगळं त्या ओवीत यायचं, आणि कुणी कुणाला ‘मग पुढे काय झालं’ असं विचारायचं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या अभ्यासकांनी महाराष्ट्रात खेडोपाडी हिंडून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती गेली, बायकांचे हात मोकळे झाले ते चांगलंच झालं. पण दोघीतिघींनी एकत्र अंग हलवत, न विचारता एकमेकींजवळ बसायची जागाही त्यांच्याबरोबर गेली. चांगला योगवर्ग ती जागा थोडीफार परत देतो, असं माझं मत आहे.

आता वर्ग निवडायचा कसा, ते नीट ऐक, कारण सगळं त्यावर आहे. चुकीच्या वर्गात गेलीस तर बरं वाटायचं सोडून त्रास वाढेल आणि तू म्हणशील ताईने भलतंच सांगितलं.

पहिलं म्हणजे शिकवणारी व्यक्ती अंगाला हात लावते का? आपल्या पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांमुळे आसन बारकाईने दुरुस्त करण्याची मोठी परंपरा आहे. गुडघा बोटभर फिरला की शरीर कसं बदलतं, हे त्यांनी जगाला दाखवलं, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तुला आत्ता गुडघ्याच्या कोनापेक्षा दुसरं काहीतरी हवंय. मागून येऊन न विचारता कमरेला लागलेला हात, मग तो कितीही चांगल्या हेतूचा असो, तुझ्या शरीराला काय सांगेल हे तुला माहीत आहे. तेव्हा आधी फोनवर विचार, ‘तुम्ही सूचना तोंडी देता की हात लावून?’ ‘हात लावल्याशिवाय कसं येणार?’ असं उत्तर आलं तर नम्रपणे नमस्कार कर आणि फोन ठेव.

दुसरं, बोलण्याची रीत. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. एक शिक्षिका म्हणते, ‘हात वर! अजून वर! सोडायचे नाहीत!’ दुसरी म्हणते, ‘हात खांद्यापर्यंत आणून बघा, वाटलं तर डोक्यावर न्या, आज नको वाटत असेल तर मांडीवरच राहू द्या.’ ऐकायला किरकोळ फरक. पण तुझ्या अंगाचं काय करायचं, हे इतकी वर्षं दुसऱ्याने ठरवलं. कधी उठायचं, कुठे बसायचं, साडी नेसायची की ड्रेस घालायचा, कधी जवळ यायचं, सगळं. आणि आता कुणीतरी तुला विचारतंय, हात वर न्यायचा का? तू म्हणतेस, नको. आणि काहीही होत नाही. कुणी ओरडत नाही, कुणी तोंड फिरवत नाही, वर्ग पुढे चालू राहतो. ‘नको’ म्हटल्यावर काहीही वाईट घडलं नाही, हा अनुभव तुझ्या शरीराला बहुधा फार वर्षांनी मिळतोय. आसनापेक्षा मी याला जास्त किंमत देते. पुढच्या आठवड्यात तू कदाचित हात खांद्यापर्यंत नेशील, आणि तेही तुझ्या मनाने.

तिसरं, तिथल्या बायका आणि तिथलं वातावरण. आपल्याकडे ओळख करून घ्यायची म्हणजे पहिला प्रश्न ‘मिस्टर काय करतात?’ आणि दुसरा ‘मुलं किती?’ बायका वाईट मनाने विचारत नाहीत, पण ते दोन प्रश्न तुला घरी परत पाठवायला पुरे आहेत. चांगली शिक्षिका पहिल्या दिवशीच सांगते, इथे फक्त नाव सांगायचं, बाकी ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा. संक्रांतीला काय होतं तेही कळलं तर बघ. जिथे तिळगूळ आणि वाण सगळ्यांना मिळतं, विधवा, परित्यक्ता, अविवाहित असा हिशेब न करता, तिथे तुझं मन रुळेल. जिथे कुंकू लावताना करंडा तुझ्यापाशी येऊन थांबतो आणि पुढे जातो, ती जागा तुझ्यासाठी नव्हे, मग तिथली योगशिक्षिका कितीही मोठी असो.

तिथे तुझी कहाणी सांगायची सक्ती नसते, हे मी पुन्हा सांगते. समुपदेशकाकडे बोलावं लागतं, कोर्टात बोलावं लागलं, पोलिसांना तर तारखांसकट सांगावं लागलं. इथे गप्प राहायचं आणि तरीही एकटं नसायचं. शेजारच्या सतरंजीवरची बाई कोण, तिचं काय झालं, तुला माहीत नाही. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित बायकांपैकी जवळजवळ 29 टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं होतं. म्हणजे पंधरावीस जणींच्या कुठल्याही वर्गात तू एकटीच अशी असण्याची शक्यता फार कमी आहे. ती बोलत नाही, तू बोलत नाहीस, पण श्वास दोघींचा शेजारी शेजारी चालतो.

आत गेल्यावर जागा दाराजवळची धर, भिंतीला पाठ लागेल अशी. दार बंद असलं तरी कडी नको, असं आधीच सांगून ठेव. लाज कसली त्यात! शिक्षिकेला एवढंच सांगायचं, ‘मला मध्येच बाहेर जावंसं वाटेल, तेव्हा मागे येऊ नका, मी पाणी पिऊन येते.’ कारण सांगायची गरज नाही. तीच गोष्ट उदबत्तीची आणि संगीताची. एखादा वास, एखादं गाणं माणसाला क्षणात त्या जुन्या खोलीत नेऊन उभं करतं. नको असेल तर नको म्हण. कपडे तुझे रोजचे, सैलसर पंजाबी ड्रेस चालतो, त्या घट्ट लेगिंग्ज कुणी सक्तीच्या केल्या तर मला सांग.

सुरुवातीला खुर्चीवर बसूनही सगळं करता येतं. दोन्ही तळवे जमिनीला टेकव आणि फरशी गार आहे की सतरंजी खरखरीत आहे, एवढंच बघ. मग घोटे फिरव, मनगटं फिरव, खांदे वर घेऊन खाली सोड. हे पोरखेळ वाटेल, पण ज्या बाईला मानेखाली काही जाणवेनासंच झालंय तिच्यासाठी घोट्याचा सांधा जाणवणं ही मोठी मजल आहे. तुलाही पहिले काही दिवस काहीच जाणवणार नाही कदाचित. घाबरू नकोस. बधिर होणं हाही शरीराने शोधलेला उपायच होता. उभं राहायचं तर भिंतीला पाठ लावून ताडासन. मार्जारासनात चौपायांवर होणं नकोसं वाटलं तर टेबलावर हात ठेवून उभ्यानेच पाठ वाकव आणि उचल. बद्धकोनासन, सेतुबंध, पाय फाकवून किंवा पाठीवर पडून करायची आसनं ज्या बाईवर बळजबरी झाली आहे तिला फार जड जाऊ शकतात. ती सरळ सोडून दे. आसनं शेकड्यांनी आहेत, चार सोडल्याने काही अडत नाही.

शवासन हे सगळ्यात सोपं आसन आहे असं लोक समजतात. तुझ्यासारखीला ते सगळ्यात अवघड. खोलीत अंधार, डोळे मिटलेले, उताणं पडायचं, आणि आजूबाजूला कुणीतरी चालतंय. कसं शांत वाटेल? तेव्हा दिवा चालू ठेवायला सांग, डोळे उघडे ठेव, पंख्याकडे किंवा खिडकीच्या गजाकडे बघ. कुशीवर झोप, पोटाशी उशी धर. किंवा मंगल कार्यालयात असते तसली घडीची खुर्ची घे, पाठीवर पडवत असेल तर पोटऱ्या तिच्यावर टेकव आणि अंगावर चादर ओढून घे. खुर्ची, पट्टा, लोड असा आधार घेऊन आसन करायची सवयही अय्यंगारांनीच लावली, त्यांची ही देणगी मात्र तुझ्या फार उपयोगाची आहे. आणि तेही नको वाटलं तर भिंतीला टेकून नुसती बस. शवासनाच्या वेळी बसून राहिलेल्या बाईकडे कुणी रोखून बघत असेल, तर शिक्षिकेने त्यांना सांगायला हवं.

श्वासाचं जपून. टीव्हीवर बघून जोरजोरात कपालभाती, भस्त्रिका करायला घेऊ नकोस, श्वास रोखून धरायचे कुंभकही आत्ता नकोत. भराभर श्वासाने छाती धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि घाबरल्यावर नेमकं हेच होत असल्यामुळे शरीर समजतं, संकट आलं. त्यापेक्षा सहज घेतलेला श्वास थोडा लांबवून सोडायचा, एवढंच. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, ही निसर्गाचीच सोय आहे, तिचा फायदा घे. भ्रामरी आवडली तर कर, पण कान आणि डोळे झाकू नकोस, ओठ मिटून नुसता गुंजारव कर. सगळ्या वर्गाने एकदम केलेली भ्रामरी छातीच्या हाडापर्यंत जाणवते, ती एकदा अनुभव.

कधीतरी मध्येच रडू फुटेल. कधी राग येईल, कुणाचाही, अगदी त्या बिचाऱ्या शिक्षिकेचाही. जुनं चित्र एकदम डोळ्यांसमोर आलं तर आसन तिथेच सोड, डोळे उघड, हाताने जमीन दाब, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घे: पंखा, घड्याळ, चप्पल, खिडकी, बादली. आपण आज कुठे आहोत हे त्याने ध्यानात येतं. पण दर वेळी वर्गानंतर दोन दोन दिवस झोप उडत असेल, स्वतःला इजा करावी असं मनात येत असेल, तर वर्ग थांबव आणि आधी डॉक्टरांना भेट.

आणि हे कानात ठेव. हा वर्ग उपचारांच्या जोडीला आहे, उपचारांच्या जागी नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या ‘आता योग करते ना’ म्हणून परस्पर बंद करायच्या नाहीत. समुपदेशन चालू असेल तर ते चालू ठेव आणि त्या ताईंना सांग की मी वर्गाला जातेय. आणि तुझी एखादी मैत्रीण अजून त्या तसल्याच घरात असेल, तर तिला कृपा करून योगवर्ग सुचवू नकोस. जिच्यावर रोज हात उचलला जातोय तिचं शरीर घाबरतंय ते बरोबरच आहे, त्याला शांत करायला जायचं नाही. तिला आधी सुरक्षितता हवी. तिला 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर दे, तातडीला 112. काही पोलिस ठाण्यांत महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष असतो, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबईत पोलिसांबरोबर तो सुरू केला आणि पुढे महाराष्ट्रभर पसरला, तिथे समाजकार्यकर्त्या बसतात. मुंबईत असेल तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र आहे, दवाखान्याला जाते म्हणून घरातून निघता येतं. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तिला राहत्या घरात राहण्याचा हक्कही देतो, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं.

तुझ्यासाठी 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेव. सरकारी आहे, मोफत आहे, रात्री तीनलाही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

वर्गाची चौकशी या आठवड्यात कर. स्वतः फोन करणं जड जात असेल तर मला नंबर पाठव, मी करते. पहिल्या दिवशी नुसती बसून परत आलीस तरी चालेल. आणि तीन महिन्यांची फी आगाऊ भरू नकोस. आधी एक वर्ग बघू द्या म्हण, चांगली शिक्षिका त्याला नाही म्हणत नाही.